गुरुपादप्पांचा भूकंप

लातुरात भांडी वाजली की माणूस आधी रस्त्यावर येतो, कारण मागाहून विचारतो. किल्लारीच्या भूकंपापासून ही सवय आमच्या गल्लीच्या हाडात बसलीय. एकदा तर न्हावी अर्धी दाढी सोडून पळाला, अन् चौकात पोचला तर गिऱ्हाईक त्याच्या आधीच तिथं उभं.

तर नीटच्या निकालाचा दिवस. माझ्या घराला लागून गुरुपादप्पांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, मागं त्यांचं घर. पोरगी शिवकन्या दोन वर्षं क्लासला घासत होती. अप्पांना साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागायची. ती टोचायची त्यांच्या बायकोनं, गौरम्मानं. या बाईनं साखर-गूळ तर सोडाच, बडीशेपेतल्या रंगीत गोळ्यासुद्धा वेचून उंबऱ्याबाहेर काढलेल्या.

सकाळी गौरम्मानं मशीन लावून अप्पांची साखर बघितली. आकडा तीनशेच्या वर.

“काय खाल्लाव?”

“आईची आन, काही न्हाई. पोरीचा निकाल हाय, घशाखाली पाणी उतरंना.”

“मग टेन्शनला पाकात बुडवून खाल्लाव का?”

मी दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत होतो. म्हणालो, “गौरम्मा, तोंड तरी बघा त्यांचं. एवढा भ्यालेला माणूस जिलबी चोरंल का?”

“तुमी गप बसा हो. तुमीच आणून देत असताल!”

मी पेपरात तोंड घातलं. गौरम्मानं रागाच्या भरात नेहमीच्या दुप्पट इन्सुलिन टोचलं. डॉक्टरला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. अप्पांनी पुढ्यातली भाकरी न खाता तशीच मागं सारली.

दुपारी मोबाइलवर निकाल आला. शिवकन्या किंचाळली, “अप्पा! सरकारी मेडिकल मिळतंय! नांदेड तर नक्कीच!”

अप्पा उठले, हसले, पातेल्यांच्या मांडणीला धरून उभे राहिले. अन् भांडी वाजायला लागली. आधी झाकणं, मग पातेली, मग वरच्या फळीवरच्या परातीसुद्धा.

“भूकंप!”

कोण ओरडलं देव जाणे, आवाज माझ्यासारखा होता म्हणतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत गल्ली रिकामी झाली. गौरम्मानं पोरीचं मनगट धरून तिला फरफटत बाहेर आणलं. समोरच्या बांगडीवाल्या हाजराबी हातातला चहाचा ग्लास घेऊनच धावत आल्या.

चौकात उभे राहिलो, तर जमीन गप्प. लाइटीच्या तारा हलंनात. कुणाच्या घरात काही वाजंना. वाजत होतं ते फक्त गुरुपादप्पांचं दुकान.

“या अल्ला,” हाजराबी म्हणाल्या, “जलजला एकीच घर में कैसा?”

शिवकन्यानं वळून बघितलं. “अव्वा, अप्पा कुठायत?”

अप्पा आतच होते. मांडणीला मिठी मारलेली, सदरा घामानं ओला, डोळे उघडे पण बघत नव्हते. ते थरथरत होते अन् त्यांच्या थरथरीनं सगळं दुकान वाजत होतं. आम्ही सगळे पायरीशी येऊन थबकलो.

आईचा हात झिडकारून शिवकन्या आत घुसली. “अव्वा, सकाळी किती टोचलीस?”

“दुप्पट...”

पोरीचा चेहरा चुन्यासारखा झाला. तिनं अप्पांना खाली बसवलं, मशीन लावलं. आकडा चाळीसलाही पोचला नव्हता. “साखर दे! लवकर!”

गौरम्मानं तोंडावर हात नेला. “घरात... दाणा न्हाई गं.”

हाजराबींनी ग्लास पुढं केला. “ले बेटी. चार चमचे शक्कर है इसमें.”

अप्पांना अजून गिळता येत होतं. घोट-घोट चहा उतरला. मग कुणी साखर आणली, कुणी केळं. हळूहळू भांडी शांत झाली.

“पण सकाळी तर तीनशे होती,” गौरम्मा पुटपुटत होत्या.

शिवकन्या रडत-रडत बोलली, “अव्वा, रक्तात साखर चढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतंय, उतरली की हात आखडतंय. पण माणूस भ्याला की अड्रिनलिन सुटतंय. ते स्वादुपिंडाला दाबून धरतंय, अन् यकृत साठवलेली साखर रक्तात ओततंय. अप्पांनी न खाताच आकडा चढला तो त्यानं. मग निकाल लागला, भीती गेली. पोटात अन्न न्हाई, अन् तुझी सुई तर काम करीतच राहिली. स्वादुपिंड आपलं इन्सुलिन थांबवू शकतंय. सुईनं गेलेलं माघारी बोलावता येत न्हाई.”

गौरम्मा पातेल्यांच्या मधे मटकन बसल्या. अप्पांची नजर जागेवर आली. “थांबला का भूकंप?”

“अवो,” गौरम्मानं त्यांचा हात धरला, “सकाळी खरंच काही खाल्लं नव्हतं?”

“आज सकाळी न्हाई,” अप्पा म्हणाले, “बाकीच्या दिवसांचं विचारू नको.”

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

फोनवर डॉक्टर म्हणाले, ताबडतोब आणा, साखर पुन्हा उतरू शकते. रिक्षा आली. गौरम्मा हाजराबींचा साखरेचा डबा मांडीवर घेऊन अप्पांना खेटून बसल्या, झाकण उघडं, चमचा हातात, अन् नजर त्यांच्या कपाळावर, घामाचा नवा थेंब दिसतोय का ते बघत.