काळी तार

“त्या काळ्या तारेले कोणाले हात लावू देजो नको, जमुना.”

नवऱ्याचा, सूर्यभानचा, तो शेवटच्या दिवसांतला दवाखान्यातला आवाज जमुनाबाईंना नेमका आठवला, तेव्हा वायरमन गोपालने बॅटरीच्या पेटीचं झाकण उचललं होतं. त्या दिवशी त्या लगेच म्हणाल्या होत्या, “नाही लावू देत.” जन्मभर खांबांवर चढलेला लाइनमन माणूस, जाता जाताही त्याला घरच्यांना शॉक लागायची काळजी, असं त्यांनी धरलं होतं.

“जपून रे. काळ्या तारेले शॉक असन.”

“बारा व्होल्टचा काय शॉक लागते काकू! गुदगुल्याही होत नाहीत.” गोपाल हसला आणि पिशवीतून नव्या मीटरचं खोकं काढलं.

खोकं पाहून जमुनाबाईंनी जपमाळ पदराखाली घेतली. अधिक महिना चालू होता. एकवेळचं जेवण, जेवताना मौन, कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असा त्यांचा नेम. बोलत नव्हत्याच त्या. पण मनातल्या मनात चैत्रापासून जे चाललं होतं, त्याचा हिशेब देवाकडे कसा लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गच्चीवरच्या सोलरवर ऊन मावत नव्हतं आणि तरी दिवेलागणीला बॅटरी मान टाकायची. इकडे लाइन गेली की आख्खी गल्ली चिडीचूप व्हायची. मात्र मधल्या भिंतीपलीकडे, मोठ्या दिरांच्या खोलीत, पंखा टक-टक, टक-टक करीत फिरतच राहायचा. त्यांच्या गच्चीवर ना सोलर, ना घरात बॅटरी. मग तो पंखा फिरतो कशावर? जमुनाबाईंनी एका दुपारी भिंतीला कान लावला, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून देवापुढे जाऊन बसल्या. दुसऱ्या दुपारी पुन्हा लावला.

वाटण्या झाल्या तेव्हा हेच दीर, देवमनभाऊ, मधल्या अंगणात उभे राहून बोलले होते, “सूर्यभानच्या घरचं पाणी घेईन तं बापाचं नाव लावणार नाही.” पुढे अर्धांगवायूने त्यांना खाटेवर आणलं, तरी शब्द मोडला नाही. सूर्यभानच्या मयतीलाही तिकडून एकटी जाऊ, पौर्णिमाबाईच आली होती. पाणी चालत नाही, अन् करंट चालते का? हा प्रश्न जमुनाबाईंच्या घशात कुसळासारखा बसला होता.

अकोल्याच्या दुकानदाराने दोन मीटरं समोर ठेवली होती. “हे साधं. बॅटरी किती भरली तेवढं दाखवते. पोटाले हात लावून पाहिल्यासारखं समजा. अन् हे दुसरं काळ्या तारेच्या वाटेत बसते. ताटापाशी बसून घास मोजते. आत किती गेलं, बाहेर किती गेलं, सारं मोबाइलवर. घरातलं सगळं बंद करा. तरी आकडा पळाला तं समजायचं, बाहेरचं कोणी जेवून राह्यलं.”

जमुनाबाईंनी घास मोजणारं घेतलं. पुण्याहून ललितनेही तेच सांगितलं होतं. “आई, मला इथे बसून दिसेल. एकदा पुरावा सापडू दे, मोठेबाबांच्या तोंडावर नेऊन ठेवतो.”

“काकू, इकडे पाहा,” गोपाल म्हणाला.

बॅटरीच्या काळ्या टोकावर दोन तारा कसलेल्या होत्या. एक जाडजूड, इन्व्हर्टरला जाणारी. दुसरी बारीक, पेटीच्या मागून खाली उतरून भिंतीत शिरलेली. तिच्या जोडीला एक लाल तारही होती.

“हे तुमच्या घरातली नाही,” गोपाल आवाज खाली आणून म्हणाला. “चोर पक्का हुशार हाय. बॅटरीवरूनच डायरेक्ट घेतली.”

म्हणजे खरंच होतं तर. “काढ,” जमुनाबाई म्हणाल्या.

गोपालने नट सैल करून बारीक तार उचलली. भिंतीपलीकडची टक-टक मंदावली आणि थांबली.

“पंखा काहून थांबला व?” देवमनभाऊंचा जड, ओढलेला आवाज आला.

“लाइन गेली,” पौर्णिमाबाई म्हणाल्या. “येते आत्ता.”

जमुनाबाईंनी मान वर केली. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरत होता. लाइन कुठेच गेली नव्हती.

त्या खाली वाकल्या. तार जिथे भिंतीत शिरत होती तिथे तिच्यावर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. धुळीने मळलेली, पण काठ ओळखू येत होता. मोरपंखी. त्यांच्या पूजेच्या लुगड्याचा. मागच्या अधिक महिन्यात ते विरलं, तेव्हा सूर्यभानने मागून घेतलं होतं. “दे इकडे, उंदरं तारा कुरतडून राह्यले.”

त्याच महिन्यात त्यांनी नवऱ्याच्या मागे लागून लागून म्हटलं होतं, “अवो, एखादं गुप्तदान तरी करा. सरकारी खांबावर चढून पुण्य नाही लागत.”

आठवड्याने तो जेवता जेवता म्हणाला होता, “केलं तुहं गुप्तदान.”

“काय केलं? कोणाले देल्लं?”

“सांगतलं तं गुप्त काय राह्यलं?” आणि ताटावर वाकून एकटाच हसत राहिला होता.

जमुनाबाईंनी ती पट्टी अंगठ्याने पुसली. पलीकडे पुठ्ठ्याने वारा घातल्याचा आवाज येत होता. बाहेर ज्येष्ठातलं ऊन भाजत होतं. ही तार कोणाची, हे देवमनभाऊंना कळलं तर पंख्याखाली ते एक घटका पडणार नाहीत.

“लाव वापस.”

“अं?” गोपालने पान्हा तसाच धरला. “मीटरमधून घेऊ म्हणता? पुरावा...”

“जशी होती तशी लाव.”

“काकू, मंग हे तार मीटर मोजणारच नाही. खोटे आकडे दाखवन.”

“मंग मीटरच नको.”

गोपालने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तार पुन्हा टोकावर ठेवली आणि नट कसला. टक, म्हणाला पंखा. मग टक-टक.

तेवढ्यात ललितचा फोन आला. “आई, ॲप उघडून बसलोय. काहीच दिसत नाही.”

“हे मीटर आपल्या कामाचं नाही रे. साधं आणतो बदलून.”

“आणि चोर?”

“चोर नाही कोणी.”

“मग बॅटरी जाते कुठे?”

“जाते तिथे जाते. ठेवतो आता, अकोल्याची बस निघून जाईन.”

त्यांनी खोकं पिशवीत घातलं, जपमाळ देवापुढे ठेवली. जाताना स्वतःच्या खोलीतला कूलर, टीव्ही, वरचा दिवा, एकेक बटण दाबत बंद केलं.

शेजारच्या उंबऱ्यावर पौर्णिमाबाई उभ्या होत्या. त्यांची नजर मागून निघालेल्या गोपालच्या पान्ह्यावरून पिशवीकडे गेली आणि तिथेच थिजली. वाटण्यांपासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

जमुनाबाई थांबल्या.

“आली ना लाइन?”

पौर्णिमाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

“आली.”

“कोण हाय व?” आतून देवमनभाऊंनी विचारलं.

उत्तरासाठी न थांबता जमुनाबाई पिशवी काखेत धरून उन्हातून बसस्टँडकडे चालू लागल्या.