थडग्यातलं भांडं

“चिंच नाही मिळाली, म्हणून व्हिनेगर आणि मीठ वापरलं,” श्यामकांत दाबके अभिमानाने म्हणाला आणि बाजूला झाला.

बाजारातून आलेल्या फ्राऊ केलर पिशवीही खाली न ठेवता दारातच उभ्या राहिल्या. टेबलावर त्यांचं चिनी काशाचं भांडं झळकत होतं. तीन पायांचं, दोन कानांचं. सकाळपर्यंत शेवाळासारखं हिरवं होतं. दिवंगत नवऱ्याने, हाइनरिशने, चीनमध्ये एका थडग्यातून स्वतःच्या हातांनी उकरून आणलेलं, तीन हजार वर्षांचं. उद्या ते त्याच्या नावाच्या पाटीसह संग्रहालयात जायचं होतं.

श्यामकांतच्या मनात काही वाईट नव्हतं. छप्पन साली जर्मनीत, कार्ल्सरूहेत आल्यापासून तो यांच्याकडेच राहत होता. न्यूमोनिया झाला तेव्हा याच घरमालकिणीने त्याला सूप भरवलं होतं. पाहुणा यायचा तर भांडी लख्ख हवीत, ही साताऱ्याच्या आईची शिकवण. धातुशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्याला तो हिरवा थर म्हणजे जुनेपणाची खूण, हे कळू नये? कळायला हवा होता. पण प्रयोगशाळेतलं ज्ञान मोरीपर्यंत पोचतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आलेल्या संग्रहालयाच्या गृहस्थांनी भिंगातून भांडं न्याहाळलं. आता आपली धडगत नाही, असं श्यामकांतला वाटलं. पण ते रागावले नाहीत. भांडं दोनेकशे वर्षांपूर्वीचं, जुन्या घाटाची नक्कल करून घडवलेलं. हिरवा रंग वरून चढवलेला, मातीत ते कधी गेलेलंच नाही, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. नक्कल सुबक आहे, आनंदाने ठेवून घेऊ. पाटीवर थडगं मात्र लिहिता येणार नाही.

श्यामकांत पार गोंधळून गेला. आपण भांडं बिघडवलं की उघडं पाडलं? सुटलो म्हणावं की माफी मागावी?

गृहस्थ गेल्यावर फ्राऊ केलर म्हणाल्या, “बरं तर, हेर दाबके, तुम्ही धातूतले जाणकार. तीन हजार वर्षं मातीत राहून धातू इतका गुळगुळीत राहील?”

राहणार नव्हता. हिरव्याखाली खड्डेच खड्डे निघाले असते. पण त्या म्हातारीकडे बघून त्याला भडभडून आलं. त्याने मान खाली घातली.

“राहू शकतो. माती कोरडी असली तर.”

त्यांनी भांडं स्वतःकडे ओढून घेतलं.

“हाइनरिशही थडग्याची गोष्ट सांगताना असाच खाली बघायचा,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाह्या वर सारल्या आणि भांड्याच्या कानाशी उरलेला हिरवा डाग स्वतःच घासायला घेतला.