न पेटवलेल्या चुलीची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. एस्टोनियातल्या एका गवंडीशाळेत माझे आयुष्य गेले. तिथे घर उबदार ठेवणाऱ्या विटांच्या मोठ्या चुली बांधायला शिकवतात. परीक्षेची चूल नंतर उकलायची असते, म्हणून आम्हाला साध्या मातीच्या गाऱ्यात बसवत. किती नवख्या हातांनी मला जपून उचलले! त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

ती चूल मात्र कुणी पेटवत नसे. आर्वो मास्तर ओळंबा सोडून बांधकाम सरळ आहे ना ते पाहायचे, सांधे बघायचे आणि दाखल्यावर सही करायचे. नियम तेवढेच होते.

एका हिवाळ्यात एनेली परीक्षेला आली. तिची तान्ही लेक मिर्तेल टोपलीत होती. दाखल्याशिवाय एनेलीला कुणी काम देत नव्हते. तिची चूल सुबक झाली.

"सांधे झकास जमलेत गं," मास्तर म्हणाले. "आण दाखला, सही करतो."

"आधी पेटवून बघू या ना, मास्तर."

"नियमात नाही ते. मिळतंय ते घे की मुकाट्यानं."

"उद्या माझ्या चुलीशेजारी कुणाचं तरी बाळ झोपेल. मग मला झोप लागायला नको?"

"परीक्षेलाही आई होऊनच आलीस तू," ते हसले. पण काडेपेटी त्यांनीच काढली.

एनेलीने आधी टोपली बाहेर नेऊन ठेवली, मग काडी ओढली. धूर वर चढेना. खोली भरून गेली. चुलीच्या पोटात, एका वळणावर, धुराची वाट अरुंद झाली होती. बाहेरून कुणाला दिसणार?

"आता सही नाही करता येणार, पोरी."

"नकाच करू," ती खोकत म्हणाली.

 मग मास्तर नियम ठरवणाऱ्या समितीपुढे जाऊन भांडले. चूल पेटवून धूर वर जाताना पाहिल्याशिवाय दाखला द्यायचा नाही, असे ठरले.

वसंतात एनेलीने आम्हाला पुन्हा रचले. या वेळी धूर सरळ धुराड्यातून गेला. मी हळूहळू तापले. रांगती मिर्तेल जवळ येऊन पेंगली. मास्तरही पाठ टेकून बसले.

"मास्तर, सही?"

"करतो गं. पाठ तर शेकू दे."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचे तरी काम भिंतीआड झाकलेले असते. ज्याने ते स्वतः तपासून पाहिले, त्याचे आभार माना. आणि शिकणाऱ्याला चुकू द्या. त्यासाठी मला हव्या तितक्या वेळा उकला, माझी काही तक्रार नाही.