पाकाच्या बाटल्या

लोसालीन तणतणत आत्याच्या पडवीत आली आणि उभीच राहिली. टोंगा बेटांवर बापाच्या बहिणीसमोर खाली बसून बोलायची रीत. पण आज तिला रीतभात सुचत नव्हती. शेजारच्या फिनाऊकाकांचं पाऊल डॉक्टरांनी काल कापलं होतं. आत्याने विकलेल्या शेवाळाच्या औषधावर विसंबून त्यांनी इन्सुलिन सोडलं होतं.

"आधी खाली बस," आत्या म्हणाली.

"नाही बसत!"

लोसालीनने दोन पेले मांडले. एकात खडकावरचं तपकिरी शेवाळ उकळून काढलेलं पाणी होतं, दुसऱ्यात आत्याच्या बाटलीतलं औषध. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेलं स्पिरिट तिने दोन्हींत ओतलं. पहिल्या पेल्यात पांढरे चिकट धागे तयार झाले. दुसऱ्यात काहीच झालं नाही.

"हे धागे म्हणजे शेवाळातला अर्क. तुझ्या बाटलीत तो औषधालाही नाही! मी नीट तपासलंय. नुसता साखरेचा पाक आणि रंग. मधुमेहाच्या माणसाला पाक पाजलास तू!"

"मला या बाटल्या देणारा कंपनीवाला देवाची शपथ घेऊन गेला होता गं..."

"आणि खरा अर्क असता, तरी त्याच्या भरवशावर इन्सुलिन सोडता आलं असतं का?"

आत्या उठली. "चल, माझ्याबरोबर फिनाऊकडे चल," ती कशीबशी म्हणाली.

"मी नाही येणार. विकायला एकटी गेलीस ना? आता घरोघर जाऊन बाटल्याही एकटीच परत आण."

आत्या हातगाडी घेऊन निघाली. लोसालीनने तिला हाक मारली नाही.