नापास होण्याची परीक्षा

आमच्या ह्यांना आयुष्यात एकच गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे नापास होणं.

हे मिलमध्ये विणकामाच्या खात्यात जॉबर होते. मागांवर आणि माग चालवणाऱ्यांवर देखरेख ठेवायची, असं ते काम. दरवर्षी मिलचा डॉक्टर सगळ्यांचे डोळे तपासायचा आणि ज्याची नजर कमी भरेल त्याची रवानगी गोदामात व्हायची. त्यावर खात्याने आपली तोड काढली होती. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता सगळ्यांना तोंडपाठ होता. रांगेतला पहिला माणूस तपासून बाहेर आला की तक्ता तोच आहे का बदललाय, एवढं मागच्यांना सांगायचा. रामभाऊ म्हणून ह्यांचे जिवलग दोस्त होते. त्यांना चष्म्याशिवाय समोरचा डॉक्टरही धड दिसत नसे, पण तक्ता असा घडाघडा म्हणायचे की डॉक्टर पाठ थोपटायचा. ह्यात काही फसवाफसवी आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. अथर्वशीर्ष पाठ असतं, तसा तक्ता पाठ.

मी शाळेत गणित शिकवते. कॉपी करणारं पोर मी पाठमोरं ओळखते. पण नवरा काही माझ्या वर्गात बसत नाही, त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवायचं राहून गेलं.

पुढे मिल बंद पडली. गेटला कुलूप लागलं त्या दिवशी हे भरलेला डबा तसाच घेऊन घरी आले. मग विम्याची एजन्सी झाली, कोणाच्या तरी दुकानात बसणं झालं, एकही धड लागलं नाही. तेवढ्यात देशात नवे वारे वाहू लागले, इंदूरजवळ पीथमपूरला कारखान्यांची रांग लागली आणि एका कारखान्यात हे सुपरवायझर म्हणून चिकटले. कंपनीची बस, कंपनीची टोपी. त्या टोपीचं ह्यांनी इतकं सोवळं मांडलं की तिला हात लावायचा तर मला आधी हात धुवावे लागत.

डोळ्यांचं प्रकरण गुपचूप सुरू झालं. दिवेलागणीनंतर हे चाचपडत चालायला लागले. मधूनच म्हणायचे, कडेला काहीतरी चमचमतंय, जरीच्या काठासारखं. राजवाड्यापाशी ओळखीची माणसं बाजूने रामराम करत आणि हे सरळ पुढे. आमच्या इंदूरमध्ये माणूस लग्नाला आला नाही तर चालतं, रामराम घेतला नाही तर चालत नाही. आमच्या जुनी इंदूर मोहल्ल्यात बोभाटा झाला की नवी नोकरी लागली आणि सुधाकररावांच्या डोक्यात हवा गेली. मीही चार शब्द सुनावून घेतले. मग एका सकाळी मी पोह्यांची बशी ह्यांच्या डाव्या हाताशी ठेवली, आणि हे समोर बघत मला विचारत राहिले की आज पोहे केले नाहीत का. त्याच दिवशी मी ह्यांना घेऊन दवाखाना गाठला.

तुकोगंजात डॉक्टर वसुंधरा म्हणून डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टर होत्या. त्यांनी डोळ्यांत डोकावून पाहिलं, तर पडदा चांगला दिसत होता. मग त्यांनी ह्यांना बेबीताईंकडे पाठवलं. माणसाला कडेचं किती दिसतं ते बेबीताई मोजायच्या. अंधाऱ्या खोलीत एक मोठा पांढरा वाडगा आडवा धरलेला असतो. त्यात तोंड करून, हनुवटी टेकवून मधल्या खुणेकडे बघत बसायचं. बेबीताई पलीकडून एक दांडा फिरवत प्रकाशाचा ठिपका कडेकडून मध्ये आणायच्या. ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं, मग घंटी वाजते. ह्यांनी इतक्या तत्परतेने घंटी वाजवली की बेबीताई म्हणाल्या, ह्यांची नजर तर जवान पोराची आहे. हे कॉलर ताठ करून बाहेर आले.

डॉक्टरबाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी आम्हाला मद्रासला धाडलं. तिथे डोळ्यांवर प्रकाश टाकून पडद्यात उठणारी वीज मोजतात, ती फार कमी भरली. रक्त तपासलं, त्यात पडद्याच्या विरुद्ध उठलेल्या अँटिबॉडी सापडल्या. परत आल्यावर डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. अँटिबॉडी म्हणजे शरीराचे चौकीदार, बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंना हाणायचं हे त्यांचं काम. ह्यांच्या चौकीदारांना आपलाच पडदा परका वाटायला लागला होता आणि ते त्याच्यावर दंडुके चालवत होते. वरून काही दिसत नाही, आतल्या पेशी मरत जातात. कधीकधी अंगात कुठे गाठ लपलेली असली तरी असं होतं, म्हणून छाती-पोट सगळं तपासून झालं. गाठ नव्हती, गणपती पावला.

"औषध स्टेरॉइडचं आहे आणि ते जबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. नुसत्या अँटिबॉडी तर धडधाकट माणसातही कधी सापडतात. आणि पडद्यातली वीज इतकी कमी असेल, तर बेबीताईंची तपासणी इतकी छान येऊच शकत नाही. तीन रिपोर्टांतला एक कोणीतरी खोटं बोलतोय. खरंच नजर जात असेल तर गेलेली परत येणार नाही. उरलेली वाचवायची, तर ती आत्ताच."

हे छताकडे बघत होते. मी ह्यांच्याकडे बघत होते. तपासणी पुन्हा करायची ठरली आणि मी डॉक्टरबाईंना म्हटलं की ह्या वेळी मीही आत बसते.

बेबीताईंचा दांडा कुरकुरायचा. दिवा लावायच्या आधी त्यांनी तो सहज इकडचा तिकडे करून पाहिला. ठिपका नव्हताच, आणि घंटी मात्र खणखणीत वाजली. बेबीताई गोंधळल्या. मी नाही गोंधळले. कुठल्या मागाचा धागा तुटला हे ज्याने जन्मभर नुसत्या आवाजावरून सांगितलं, त्याला एका दांड्याची कुरकुर म्हणजे किस झाड की पत्ती. माझा नवरा कानाने पेपर सोडवत होता.

मी ह्यांना हाताला धरून बाहेर पॅसेजमध्ये आणलं आणि विचारलं, हे काय चाललंय.

"अपन पास होतोय, और क्या," हे म्हणाले.

"न दिसताच बटण दाबून?"

हे हळू आवाजात म्हणाले, "शैला, देख, खराब रिपोर्ट कंपनीत पोचली ना, तो दुसऱ्या दिवशी छुट्टी. मिल बंद झाली तेव्हा सगळे साथ में होते. रामभाऊ होता, अख्खं खातं होतं. आता मी एकटाच गेटच्या बाहेर असेन."

मला भयंकर राग आला होता. इतके दिवस मी ज्याला तोरा समजत होते ती शुद्ध भीती होती. हा माणूस घाबरला होता आणि मला कळलं नव्हतं.

"नोकरी जाऊ द्या," मी म्हटलं. "माझी शाळा आहे, खाऊ वरणभात. ह्या बाई काही मिलच्या डॉक्टर नाहीत. इथे पास झालात तर औषध मिळणार नाही. आपल्या लेकीचं, उर्वीचं लग्न बघायचंय तुम्हाला, का नुसतं ऐकायचंय?"

हे दाराची चौकट चाचपत आत गेले, खुर्चीवर बसले आणि बेबीताईंकडे थोडा कापूस मागितला. त्यांना वाटलं, डोळे पुसायचे असतील. ह्यांनी त्याचे दोन बोळे वळले आणि दोन्ही कानांत ठासून भरले. मग हनुवटी टेकवली.

दिवा लागला. ठिपका डावीकडच्या कडेने निघाला. मी मागे उभी होते, मला तो लख्ख दिसत होता. तो सरकत सरकत पार आत आला, घंटी वाजली नाही. मग उजवीकडून निघाला. मग वरून, मग खालून. बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या पुन्हा कडेला गेल्या, ह्या खेपेला अगदी सावकाश. इतकी वर्षं मी परीक्षेच्या वर्गात उभी राहिले, कोणा पोराला एक अक्षर सांगितलं नाही. त्या खोलीत मात्र वाटत होतं, पुढे व्हावं आणि ते बटण आपणच दाबावं.

हे वाडग्यात तोंड घालून ताठ बसले होते, अंगठा बटणावर तयार ठेवून. कानांत बोळे असल्यामुळे जरा मोठ्याने म्हणाले,

"बेबीताई, मी तयार आहे. करा ना आता शुरू."