हेझलची घंटा

सकाळचं भांडण झालं ते घोडीवरून. हेझलचा पाय सुजला म्हणून क्लेलने तिला तबेल्यातच ठेवलं आणि घोड्यांवर आलेल्या दोन शिकाऱ्यांना घेऊन, नुसत्या चार खेचरांनिशी तो डोंगरावर निघाला. त्या खेचरांचा सगळा जीव या म्हाताऱ्या घोडीत. तिच्या गळ्यातली घंटा वाजेल तिकडे ती डोळे मिटून जायची.

"घोडीशिवाय ती वाटेतच बसकण मारतील बघ," व्हर्ना म्हणाली.

"एक दिवस तिच्यावाचून काय अडतंय? जन्म गेला माझा शिकाऱ्यांना वर नेण्यात."

"शिकारी म्हणे! त्या दोघांच्या बुटांना अजून दुकानाचा वास येतोय."

"बूट बघून गिऱ्हाईक परत पाठवलं असतं ना म्हातारे, तर आपण कधीच उपाशी मेलो असतो."

व्हर्नाने तोंड फिरवलं, आणि रागारागात त्याच्या थर्मासमध्ये कॉफी भरलीच नाही. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. नवरा आणि खेचर, दोघांत जास्त हट्टी कोण हे देवालाच ठाऊक, असं पुटपुटत ती त्याचा लोकरी मोजा रफू करत बसली.

दुपारी पोलिसांतली डेप्युटी नदीन आली. शेजारच्या रँचवरची पोर, व्हर्नाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिने फोनवरचा फोटो पुढे धरला. "मावशी, क्लेलकाकाबरोबर हेच दोघं गेलेत का?"

तेच होते. शहरात एका पहारेकऱ्याला गोळी घालून पळालेले.

"खिंडीत आपली माणसं पोचतायत, पण पलीकडच्या बाजूने. ढग इतके खाली आलेत की हेलिकॉप्टर उडत नाही," नदीन म्हणाली.

ती जे बोलली नाही ते व्हर्नाला कळलं. खिंडीपर्यंत त्या दोघांना वाटाड्या हवा होता. खिंड दिसली की वाटाड्याची गरज संपणार आणि उरणार तो नुसता साक्षीदार. शेवटचं काय बोललो आपण त्याच्याशी? बुटांबद्दल.

ती उठली, तबेल्यात गेली आणि हेझलच्या गळ्यातली घंटा काढून घेतली. तिचा लोलक वाजू नये म्हणून आत तो मोजा कोंबला.

जंगलखात्याच्या जुन्या रस्त्याने पिकअप कड्याच्या माथ्यापर्यंत जात होती. दोघी तिथे पोचल्या. खाली नुसत्या सुट्ट्या दगडांची उतरण, आणि तिच्या पायथ्याशी खिंडीकडे जाणारी एकमेव वाट. त्या दगडांवर घोडा पाऊल टाकत नाही. खेचर चढतं, पण त्याच्या मनात आलं तरच. धुक्यात हातभरापलीकडचं दिसत नव्हतं.

"मावशी, आवाजावरही नेम धरता येतो," नदीन रायफल घेऊन खडकामागे बसत म्हणाली.

"धरू देत."

बऱ्याच वेळाने खालून खुरांचा आवाज आला. मग क्लेलचा खोकला. तो ऐकला मात्र, व्हर्नाने मोजा उपसला आणि घंटा वाजवायला सुरुवात केली.

खाली एकच गोंधळ उडाला. खेचरं किंचाळली, कुणीतरी शिवी हासडली, दगड घरंगळले. गोळी सुटली. दुसरी गोळी व्हर्नाच्या बाजूच्या खडकाचा टवका उडवून गेली.

"बास कर, मावशी!" नदीनने तिला कोटाला धरून खाली ओढलं. व्हर्ना आडवी पडूनही वाजवत राहिली.

धुक्यातून पहिलं आलं ते पिकल, क्लेलच्या बसण्याचं खेचर. त्याचं खोगीर रिकामं होतं.

व्हर्नाचा हात थांबला नाही. दुसरं खेचर आलं, तुटलेली दोरी ओढत. तिसरं आलं. चौथं मात्र मान खाली घालून, काहीतरी जड ओढत असल्यासारखं चढत होतं. त्याच्या शेपटीला दोन्ही हातांनी धरून, एक गुडघा फरफटत, बोडक्या डोक्याने क्लेल येत होता.

ते दोघे खालूनच खिंडीकडे पळाले. त्यांचे घोडे दगडांवर चढेनात. संध्याकाळी ते खिंडीत आयते सापडले.

पण इकडे कड्यावर व्हर्नाला त्यांचं काही पडलेलं नव्हतं. ती क्लेलचा सोललेला गुडघा मोज्याने बांधत होती. घोडी कुठेच नाही हे बघून चारही खेचरं तिला हुंगून रुसल्यासारखी उभी होती.

"फसली बिचारी," क्लेल धापा टाकत म्हणाला. "त्यांना वाटलं, हेझल बोलावतेय."

"आणि तुला?"

"मला पहिल्याच टोल्याला कळलं. हेझलची घंटा कशी रमतगमत वाजते. एवढी भांडल्यासारखी वाजवून मला या जगात एकच बाई बोलावते. म्हणून तर शेपटी सोडली नाही."

व्हर्नाला रडू आवरेना. तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि पिकअपमधून थर्मास आणला. निघताना तिने भरून घेतलेली कॉफी अजून गरम होती.