हिरवेसाहेबांची भिंत

देखरेख विभागाच्या प्रमुखांना सगळी कंपनी माघारी ‘हिरवेसाहेब’ म्हणायची. त्यांच्या केबिनबाहेर भिंतभर संगणकाचा पडदा होता आणि त्यावर प्रत्येक यंत्रणेचा एकेक चौकोन: वेबसाइट, पैशांचा भरणा, साठा, गोदाम, कुरिअर. हिरवा चौकोन म्हणजे ठणठणीत. पाहुणे आले की साहेब त्यांना भिंतीसमोर उभं करायचे आणि लेकराचं कौतुक ऐकावं तसे बाजूला हसत थांबायचे.

त्यांच्या हाताखालच्या एका बाईला त्या भिंतीची शिसारी होती, पण ती गप्प असायची. अशात तिच्या मामांचा फोन आला. मामींचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि ऑनलाइन विक्री करणारी भाचीचीच कंपनी म्हणून मामांनी चाकांची खुर्ची तिथूनच मागवली होती.

“काय गं, तुमची खुर्ची रांगत येतेय का?”

तिनं भिंतीकडे पाहिलं. सगळं हिरवंगार. साठ्याच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “आम्ही पुढे पाठवली.” गोदामवाला म्हणाला, “आमच्याकडे आलीच नाही.” वर दोघांनी एकच सुनावलं, “आमचा चौकोन हिरवा आहे ना? मग झालं तर!”

मग ती त्या एका ऑर्डरचा माग काढत यंत्रणेमागून यंत्रणा धुंडाळत गेली. मामांनी दोन फोन नंबर दिले होते. अशी ऑर्डर आली की गोदामाची यंत्रणा ती गिळून टाकायची आणि ढेकरही द्यायची नाही. कितीतरी ऑर्डरी तशाच पोटात गेल्या होत्या.

ती साहेबांकडे गेली.

“साहेब, प्रत्येक जण आपापली नाडी बघतोय. ऑर्डर निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत तिच्यावर एक नजर नको का?”

“म्हणजे भिंत लाल दिसणार?”

“आहे तशी दिसेल.”

“पुढच्या आठवड्यात संचालक येताहेत,” साहेब आवाज उतरवून म्हणाले, जणू घरात कुणी दगावलं होतं.

शेवटी त्यांनी कोपऱ्यात एक चौकोन देऊ केला. तिनं तो तयार केला, आणि सुरू होताच तो लाल झाला. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर हिरवा! साहेबांनी मर्यादा बदलून घेतली होती: तीन महिने उलटले तरच ऑर्डर अडकली म्हणायचं.

“तोवर मामी चालायला लागतील,” ती म्हणाली. “छान! खुर्चीचा खर्चच वाचला.”

साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

रंगाची मर्यादा त्यांनी बदलली होती, इशाऱ्यांची नाही. ऑर्डर अडकली की जबाबदार माणसाच्या मोबाईलवर इशारा जायचा. पण त्या नंबरची जागा रिकामी होती, कारण प्रत्येक विभागानं हात झटकले होते. संचालक यायच्या दिवशी सकाळी तिनं तिथं साहेबांचा नंबर घातला आणि बदलाखाली स्वतःचं नाव नोंदवलं.

संचालकबाई आल्या. साहेब भिंतीसमोर रंगात आले होते, एवढ्यात खिशात फोन गुरगुरला. मग पुन्हा. मग थांबेचना.

“कोण एवढं बोलावतंय तुम्हाला?” संचालकबाईंनी विचारलं.

“घरचे, मॅडम.”

“घरचे नाहीत,” ती मागून म्हणाली. “गोदामात गडप झालेल्या ऑर्डरी आहेत.”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण असली माणसं मांजरासारखी, कुठूनही टाका, पायांवरच पडतात.

“हीच तर आमची नवी यंत्रणा!” ते फोन उंचावून म्हणाले. “मी मुद्दाम स्वतःचाच नंबर दिलाय.”

संचालकबाईंना ते फार आवडलं. दुपारपर्यंत गोदामाची चूक दुरुस्त झाली, ऑर्डरी निघाल्या. महिनाअखेर साहेबांना बढती मिळाली. तिच्या वाट्याला त्यांच्या भाषणातले ‘आमची टीम’ हे दोन शब्द आले. तेही तिच्याकडे न बघता.

मामांनी मात्र वाट बघून कोपऱ्यावरच्या दुकानातून खुर्ची आणली होती. त्यानंतर कंपनीचीही पोचली.

“परत करायची तर कुणाला कळवू गं?”

“कुणालाच नको, मामा. आमच्या शहाण्यांच्या हातात ती पुन्हा दिलीत तर या जन्मी पत्ता लागायचा नाही. शेजारच्या आजोबांना द्या.”

मामांनी ती त्याच संध्याकाळी ढकलत शेजारी नेऊन दिली. आजोबा लगेच बसले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारून आले.